विश्रांतीतील मेदज्वलन आणि नित्य चालणे : एका प्रचलित विधानाची चिकित्सा

प्रास्ताविक

जो मनुष्य रोज चालतो त्याचे शरीर स्वस्थ बसलेले असतानाही चरबी जाळीत असते, अशा आशयाचे विधान वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्यांत, सकाळी फिरावयास जाणाऱ्यांच्या मंडळांत आणि योग व आहार यांवरील व्याख्यानांत वारंवार आढळते. लोकप्रिय लेखनातील अतिशयोक्ती म्हणून त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु हेच विधान शारीरिक शिक्षण, गृहविज्ञान आणि प्राणिशास्त्र या विषयांतील लघुप्रबंधांच्या प्रस्तावनेत सिद्ध झालेले सत्य म्हणून येते. त्याच्या पायावर गृहीतके मांडली जातात आणि सहा-आठ आठवड्यांच्या प्रयोगांती ती 'सिद्ध' झाल्याचे नमूद केले जाते. तेव्हा या विधानाला शास्त्रीय आधार किती, तो कोणत्या प्रयोगांतून आला आणि त्या प्रयोगांना नेमके काय म्हणावयाचे होते, हे तपासणे अध्यापकवर्गाचे कर्तव्य ठरते.

प्रस्तुत लेखाची भूमिका आरंभीच सांगणे इष्ट होईल. नित्य चालण्याचा विश्रांतीतील मेदवापरावर परिणाम होतो, हे खरे आहे. मात्र तो परिणाम शरीरात कायमचा रुजणारा नसून प्रत्येक दिवसाच्या चालण्यामागून येणारा व थोड्याच दिवसांत विरणारा आहे. आणि त्याचे महत्त्व शरीरातील मेद घटण्यात नसून रक्तातील मेद व शर्करा यांच्या व्यवस्थापनात आहे. प्रचलित विधानाने या दोन्ही गोष्टी उलट्या करून ठेवल्या आहेत.

'जाळणे' या शब्दाविषयी

'चरबी जाळणे' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत रूढ झाला असला तरी तो चिंतनाला फसवणारा आहे. चुलीत घातलेले लाकूड जळाले की संपते. म्हणून जळालेली चरबीही संपली, शरीरातून वजा झाली, असा समज सहज होतो. वस्तुतः मेदाचे ऑक्सिडीकरण आणि मेदाचा साठा घटणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दिवसभरात शरीराने ७० ग्रॅम मेद वापरला आणि आहारातून ७० ग्रॅमच मिळाला, तर ज्वलन चांगले होऊनही साठा होता तेवढाच राहतो. वापर ५० ग्रॅमवर आला आणि आहारातील मेद ४० ग्रॅमवर, तर ज्वलन घटूनही साठा कमी होतो. जमाखर्चाची एकच बाजू पाहून शिल्लक सांगता येत नाही, एवढाच हा मुद्दा आहे. पण लघुप्रबंधांच्या पानोपानी तोच हरवलेला दिसतो.

दुसरा घोटाळा काळाचा. चालत असताना होणारा मेदवापर, चालून आल्यानंतरच्या काही तासांतील मेदवापर, आणि अनेक महिने चालल्यामुळे शरीराच्या मूळ विश्रांत अवस्थेत घडलेला बदल, या तीन वेगवेगळ्या घटना आहेत. पहिलीविषयी पुरावा भक्कम आहे, दुसरीविषयी बराच आहे, तिसरीविषयी तो विवाद्य आहे. मात्र पहिलीचा पुरावा दाखवून तिसरी सिद्ध केल्याचा आभास निर्माण केला जातो. सायकलपटूंवरील रोमाइन व सहकाऱ्यांचा १९९३ चा प्रसिद्ध अभ्यास याचे ठळक उदाहरण होय. कमाल ऑक्सिजनग्रहण क्षमतेच्या २५ टक्के इतक्या सौम्य श्रमात ऊर्जा बहुतांशी मेदापासून मिळते आणि ६५ टक्क्यांच्या आसपास मेदवापराचे प्रत्यक्ष प्रमाण सर्वाधिक होते, असे त्यात दिसले. हा अभ्यास श्रम चालू असतानाचा आहे. विश्रांतीविषयी त्यात निर्णय नाही. शिवाय त्यातील व्यक्ती कसलेल्या होत्या. पंचेचाळिशीतील बैठ्या कारकुनाच्या बाबतीत त्यातील आकडे जसेच्या तसे लावणे धाडसाचे आहे.

मापनाची पद्धती आणि तिच्या मर्यादा

विश्रांतीतील मेदवापर डोळ्यांनी दिसत नाही, तराजूवर तोलता येत नाही. तो श्वासावरून ताडावा लागतो. श्वसन म्हणजे मंद ज्वलनच, हा विचार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लव्हॉझ्ये व लाप्लास यांनी बर्फाच्या उष्मामापकाच्या आधारे मांडला. पुढे श्वासावाटे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड आणि शरीराने घेतलेला ऑक्सिजन यांच्या गुणोत्तरावरून कोणते इंधन वापरले जात आहे हे ओळखण्याची रीत विकसित झाली. या गुणोत्तरास श्वसन गुणांक म्हणतात. केवळ कर्बोदके वापरली जात असतील तर तो १.० येतो, केवळ मेद असेल तर सुमारे ०.७. रात्रभर उपाशी राहून सकाळी स्वस्थ पडलेल्या सर्वसाधारण व्यक्तीत तो बहुधा ०.८ ते ०.८५ च्या आसपास आढळतो.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ लक्षात घ्यावा. विश्रांतीत दिवसाला सुमारे १,४०० किलोकॅलरी खर्च करणाऱ्या एखाद्या प्रौढ व्यक्तीचा गुणांक ०.८५ असेल, तर जवळजवळ निम्मी ऊर्जा मेदातून येते; म्हणजे तासाला सुमारे ३ ग्रॅम मेद. समजा, काही महिन्यांच्या चालण्याने हा गुणांक ०.८२ झाला. मेदाचा वाटा साठ टक्क्यांच्या घरात जाईल आणि तासाला साधारण ३.७ ग्रॅम मेद वापरला जाईल. फरक पाऊण ग्रॅमहूनही कमी. हा फरक चोवीस तास टिकला असता तर दखलपात्र झाला असता. परंतु सकाळचा चहा-नाश्ता होताच इन्सुलिन वाढते, मेदपेशींतून मेदाम्ले सुटण्याचे प्रमाण उतरते आणि गुणांक वर सरकतो. उपाशीपोटी अर्धा तास घेतलेल्या मापनाला चोवीसने गुणून 'दैनंदिन मेदज्वलन' काढणे ही म्हणूनच गणिती चूक नसली तरी शरीरक्रियेची चूक आहे.

याहून गंभीर मर्यादा आहाराची आहे. ज्याचे वजन स्थिर आहे, त्याने दीर्घकाळात सरासरीने वापरलेला मेद हा त्याने खाल्लेल्या मेदाएवढाच असला पाहिजे. अन्यथा वजन स्थिर राहणारच नाही. जे. पी. फ्लॅट यांनी श्वसन गुणांक व अन्न गुणांक यांच्या तुलनेतून हे तत्त्व स्पष्ट केले. त्याचा एक गमतीदार परिणाम आपल्या परिसरात पाहता येतो. ज्वारीची भाकरी, भात आणि डाळ यांवर राहणाऱ्या, दिवसभर शेतात वावरणाऱ्या सडपातळ मजुराच्या आहारात मेदातून येणारी ऊर्जा वीस टक्के धरली तर त्याचा अन्न गुणांक ०.९ च्या पुढे जातो. पस्तीस टक्के ऊर्जा मेदातून घेणाऱ्या, खुर्चीत बसून काम करणाऱ्या स्थूल मनुष्याचा तो ०.८७ च्या जवळपास येतो. वजने स्थिर असतील तर चोवीस तासांचे श्वसन गुणांकही त्याच क्रमाने लागतील. केवळ गुणांक पाहणारा अभ्यासक खुर्चीतील गृहस्थाला 'चांगला मेदज्वलक' ठरवील आणि मजुराला व्यायामाचा सल्ला देईल. आहाराची नोंद न ठेवता केलेल्या कोणत्याही मेदज्वलन-अभ्यासाचे मूल्य किती, हे यावरून ठरवावे.

उपलब्ध पुराव्याची तपासणी

प्रचलित विधानाच्या बाजूने जो पुरावा दिला जातो, त्याचा उगम बहुधा १९९० च्या दशकात आहे. अ‍ॅरिझोनातील पिमा समाजावरील झुर्लो व सहकाऱ्यांच्या १९९० च्या अभ्यासात चोवीस तासांचा श्वसन गुणांक अधिक असणाऱ्यांत, म्हणजे मेदाचा सापेक्ष वापर कमी असणाऱ्यांत, पुढील काळात ५ किलो वा त्याहून अधिक वजन वाढण्याची शक्यता सुमारे अडीचपट दिसून आली. यावरून गुणांक खाली आणण्याचे उपाय शोधण्याची लाट आली आणि व्यायाम हा त्यांतील स्वाभाविक उपाय होता. १९९४ मध्ये पोलमन व सहकाऱ्यांनी वृद्धांत सहनशक्तीच्या व्यायामानंतर विश्रांतीतील मेदवापर वाढल्याचे प्रसिद्ध केले. १९९६ मध्ये कायेस-एस्कांदोन व सहकाऱ्यांच्या निबंधाने ही वाढ ऊर्जा-समतोलावर अवलंबून नसल्याचे प्रतिपादन केले. आजही हे निबंध उद्धृत होत असतात.

येथे एक वस्तुस्थिती नोंदविणे अपरिहार्य आहे. व्हर्माँट विद्यापीठातील याच एरिक पोलमन यांच्यावर त्यांच्या प्रयोगशाळेतील एका तरुण सहायकाने २००० मध्ये आकडेवारीत फेरफार केल्याचा संशय व्यक्त केला. रजोनिवृत्ती व वार्धक्य यांतील ऊर्जाचयापचयावरील त्यांच्या संशोधनात बनावट माहिती असल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. २००५ मध्ये त्यांनी शासकीय अनुदानाच्या अर्जात खोटी विधाने केल्याची कबुली दिली आणि २००६ मध्ये त्यांना एक वर्ष व एक दिवस कारावासाची शिक्षा झाली. वर उल्लेखिलेल्या दोन निबंधांवर किंवा सहलेखकांवर दोषारोप करण्याचा येथे उद्देश नाही. परंतु ज्या प्रश्नावरील आरंभीच्या पुराव्यात अशा संशोधकाचा मोठा वाटा आहे, त्या प्रश्नावर इतर प्रयोगशाळांचे स्वतंत्र निष्कर्ष पाहिल्याविना पुढे जाऊ नये, इतका संयम तरी अपेक्षित आहे. आपल्याकडील संदर्भसूच्यांत हा संयम क्वचितच दिसतो. संदर्भ एका प्रबंधातून दुसऱ्यात उतरविले जातात. मूळ निबंध कोणी उघडीत नाही आणि लेखकाचे पुढे काय झाले याची वार्ता पोहोचतच नाही.

इतर प्रयोगशाळांचे निष्कर्ष काय सांगतात? नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथील फान आखेल-लेइसन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये स्थूल पुरुषांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. बारा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, एका गटाने कमाल क्षमतेच्या ४० टक्के आणि दुसऱ्याने ७० टक्के तीव्रतेचा व्यायाम केला. सौम्य व्यायाम करणाऱ्या गटात व्यायाम चालू असतानाचा मेदवापर सुमारे ४० टक्क्यांनी वाढला. विश्रांतीतील मेदवापरात मात्र बदल आढळला नाही. ४० टक्के तीव्रता ही बैठ्या माणसाच्या नेटाने चालण्याशी जुळणारी असल्याने हा अभ्यास आपल्या विषयाला सर्वांत जवळचा आहे, आणि नेमका तोच प्रचलित विधानाच्या विरुद्ध जातो. (त्यातील व्यायाम सायकलवरचा होता, हेही सांगितले पाहिजे. 'चालण्याचे परिणाम' म्हणून उद्धृत होणाऱ्या निबंधांपैकी कितीतरी निबंधांत कोणी पाऊलही चाललेले नसते.)

मेलॅन्सन व सहकाऱ्यांनी २००९ च्या आढाव्यात हाच निष्कर्ष अधिक व्यापक केला. बंद कक्षातील उष्मामापकात चोवीस तास मोजमाप करून त्यांनी दाखविले की, व्यायामाने स्नायूची मेद वापरण्याची क्षमता सुधारते. परंतु व्यायामात खर्च झालेली ऊर्जा आहारातून भरून काढली तर चोवीस तासांचा एकूण मेदवापर वाढत नाही. म्हणजे दिवसाच्या एका भागात वाढलेला मेदवापर दुसऱ्या भागात भरून निघतो. याला उत्तर म्हणून जपानमधील इवायामा व सहकाऱ्यांचा २०१५ चा निबंध पुढे केला जातो. त्यांच्या तरुण पुरुषांत न्याहारीपूर्वी केलेल्या व्यायामाने चोवीस तासांचा मेदवापर वाढला. दुपारी वा सायंकाळी केलेल्या व्यायामाने नाही. प्रयोग काटेकोर होता व त्याचा निष्कर्ष मान्य करण्यास हरकत नाही. मात्र ऊर्जेचे सेवन व व्यय समान असताना मेद अधिक वापरला गेला, याचा अर्थ तेवढी कर्बोदके ग्लायकोजेनच्या रूपात साठली. ग्लायकोजेनच्या साठ्याला मर्यादा असते. तो दिवसामागून दिवस फुगत जाऊ शकत नाही. म्हणून एका दिवसाच्या या निष्कर्षावरून महिन्यांचे भाकीत करता येत नाही. २० तरुणींवरील शोनफेल्ड व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या चार आठवड्यांच्या प्रयोगात, आहार नियंत्रित असताना, उपाशीपोटी व्यायाम करणाऱ्या आणि खाऊन करणाऱ्या गटांत मेद घटण्याच्या बाबतीत फरक आढळला नाही, ही गोष्ट याच्याशी सुसंगत आहे. पहाटे रिकाम्या पोटी फिरण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी, विशेषतः मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना तसा सल्ला देणाऱ्यांनी, याचा विचार करावा.

विरुद्ध बाजूचा सर्वांत विचारार्ह पुरावा पिट्सबर्ग येथील आहे. केली व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखविले की, सडपातळ व्यक्तींचा पायाचा स्नायू उपाशी अवस्थेत मुख्यतः मेदावर चालतो आणि इन्सुलिन वाढताच शर्करेकडे वळतो. स्थूल व्यक्तींचा स्नायू या दोन्ही बाबतींत सुस्त असतो. लक्षणीय गोष्ट अशी की, वजन घटविल्यावर इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला, परंतु उपाशी अवस्थेतील मेदवापर सुधारला नाही. पुढे २००३ मध्ये गुडपास्टर, कॅट्सियारस व केली यांनी वजन घटविण्यास सोळा आठवड्यांच्या मध्यम व्यायामाची जोड दिली. तेव्हा उपाशी अवस्थेतील मेदवापर वाढला आणि इन्सुलिन-संवेदनशीलतेतील सुधारणा त्याच्याशी निगडित असल्याचे दिसले. या दोन निबंधांची सांगड घातली तर केवळ आहाराने जे साधत नाही ते व्यायामाने साधते, असा तर्क उभा राहतो आणि तो वजनदार आहे. तथापि वजन घटत असतानाच्या काळात मेदवापर वाढणे स्वाभाविकच असते. त्यातून व्यायामाचा स्वतंत्र वाटा वेगळा काढणे सोपे नाही. ग्लासगो येथील बारवेल, गिल व सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासातही हीच अडचण भेडसावते. सात आठवड्यांच्या व्यायामाने कोणाची चरबी बरीच घटली, कोणाची उलट वाढली; आणि ज्यांची घटली त्यांच्यात विश्रांतीतील गुणांकही उतरलेला आढळला. पण गुणांक उतरला म्हणून चरबी घटली, की चरबी घटत होती म्हणून गुणांक उतरला? सहसंबंधाला दिशा नसते.

विश्रांती म्हणजे नेमकी कोणती वेळ?

वरील परस्परविरोधी निष्कर्षांच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे व त्याची चर्चा अपेक्षेपेक्षा फार कमी होते. मापन शेवटच्या व्यायामानंतर किती तासांनी झाले? रोज सकाळी सहाला चालणाऱ्या व्यक्तीचे मापन दुसऱ्या दिवशी सकाळी झाले, तर ती 'विश्रांत' अवस्था वस्तुतः कालच्या चालण्याचा उत्तरकाल असते. तीन-चार दिवस चालणे थांबवून मापन केले तर काय दिसेल?

याबाबत लफबरो विद्यापीठातील अ‍ॅड्रिअन हार्डमन व त्यांच्या सहकाऱ्यांचे काम मार्गदर्शक आहे. त्यांनी उपाशीपोटीचा गुणांक केंद्रस्थानी न ठेवता जेवणानंतर रक्तात चढणारे ट्रायग्लिसराइड मोजले. १९९४ च्या निबंधात त्यांनी दाखविले की, आदल्या दिवशी दोन तास नेटाने चालले असता दुसऱ्या दिवशीच्या स्निग्ध जेवणानंतर रक्तातील मेदाची वाढ सुमारे तीस टक्क्यांनी कमी होते. पुढे २००० मध्ये गिल व हार्डमन यांनी चालण्यात खर्च झाली तेवढीच ऊर्जा आहारातून कमी करून पाहिली. परिणाम चालण्याच्या तुलनेत बराच कमी पडला. म्हणजे येथे केवळ उष्मांकांचा हिशेब नाही. स्नायूच्या हालचालीचे स्वतःचे असे काही कार्य आहे. आणि १९९८ चा त्यांचा आणखी एक निबंध सांगतो की, नियमित व्यायाम करणाऱ्यांनी अडीच दिवस खंड पाडताच हा लाभ मोठ्या प्रमाणावर ओसरतो.

प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयावरील कळीचा पुरावा हाच आहे. वर्षानुवर्षांच्या चालण्याने विश्रांतीतील शरीराला कायमची नवी घडण मिळते, असे त्यातून दिसत नाही. दिसते ते हे की, प्रत्येक दिवसाचे चालणे पुढील दिवस-दीड दिवसाच्या विश्रांतीवर आपली छाया टाकते, आणि चालणे नित्य असेल तर या छाया एकमेकींना जोडल्या जातात. 'नित्य' हा शब्द म्हणूनच नीतिउपदेशाचा नसून शरीरक्रियेचा आहे. रविवारी एकदाच दहा किलोमीटर चालणाऱ्याला बुधवारी त्याचा फारसा उपयोग उरत नसावा.

उलट बाजूनेही हेच दिसते. बेर्गुइन्यान, ब्लांक व सहकाऱ्यांनी दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहण्याच्या प्रयोगांचा अभ्यास केला. निरोगी माणसांनाही हालचालीविना ठेवले असता आहारातील संपृक्त मेदाचा वापर घटतो आणि इंधन बदलण्याची लवचीकता कमी होते, असे त्यांनी दाखविले. यावरून प्रश्नाची मांडणीच बदलावी असे वाटते. चालणारे शरीर काही विशेष पराक्रम करते असे नव्हे. न चालणारे शरीर आपले सहज कार्य गमावते. चालणे हा मेदज्वलनाचा उपाय म्हणण्यापेक्षा निश्चलता हा मेदवापरातील बिघाड म्हणणे पुराव्याला धरून होईल.

आपल्याकडील संशोधन आणि त्यातील जोखीम

विद्यापीठीय पातळीवरील आपल्या लघुप्रबंधांचा साचा एव्हाना ठरून गेला आहे. तीस-चाळीस विद्यार्थ्यांचे दोन गट, एकाला सहा ते बारा आठवडे चालावयास लावणे, आधी व नंतर त्वचेच्या घडीची जाडी वा विद्युतरोधावर चालणाऱ्या वजनकाट्याने मेदाचे प्रमाण मोजणे, 'टी' चाचणी, आणि शेवटी 'चालण्यामुळे विश्रांतीतील मेदज्वलन वाढते, हे गृहीतक स्वीकारण्यात येत आहे.' श्वासातील वायू कोणी मोजलेला नसतो. मोजली गेली ती साठ्याची अंदाजी रक्कम. निष्कर्ष काढला तो वापराच्या दराविषयी. विद्युतरोधाचा काटा तर शरीरातील पाण्यानुसार बदलतो. चालून घाम आल्यावर आणि पाणी पिऊन आल्यावर त्याची उत्तरे निराळी येतात. उष्मामापनाची साधने महाविद्यालयांत नाहीत, ही वस्तुस्थिती समजण्याजोगी आहे. परंतु जे मोजता येत नाही त्यावर निष्कर्ष लिहिण्याची सक्ती कोणीही केलेली नाही.

हा केवळ पद्धतीशास्त्राचा काथ्याकूट असता तर एवढा विस्तार केला नसता. या विधानामुळे लोकांचे चालणे सुटते, हा खरा धोका आहे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीने पाऊण तास बऱ्या गतीने चालल्यास विश्रांतीपेक्षा अधिकची ऊर्जा जेमतेम ११० किलोकॅलरी खर्च होते. त्यातील निम्मी मेदातून आली असे धरले तरी तो मेद सहा ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमचाभर तेलाहून थोडा अधिक. टांझानियातील हादझा या शिकारी-संकलक समाजात पुरुष दिवसाला सुमारे ११ किलोमीटर व स्त्रिया सुमारे ६ किलोमीटर चालतात. तरीही शरीराचे आकारमान लक्षात घेता त्यांचा एकूण ऊर्जाव्यय पाश्चात्त्य नागरी माणसांहून फारसा वेगळा नसल्याचे पाँट्झर व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखविले. अशा स्थितीत 'बसल्याजागी चरबी जळेल' या आशेने चालू लागलेली व्यक्ती दोन महिन्यांनी काट्यावर उभी राहते, आकडा हललेला नसतो, आणि ती चालणे सोडते. तिला चालण्याचा लाभ झालेला असतो. तो तिच्या रक्तात होता, काट्यावर नव्हता. पण कोठे पाहावयाचे हे तिला चुकीचे सांगितले गेले होते.

आपल्या समाजात ही चूक विशेष महाग पडते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या 'सडपातळ तरीही मेदयुक्त' देहप्रकृतीकडे जगाचे लक्ष वेधले. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३, युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. ज्या समाजात काटाच अशी दिशाभूल करतो, तेथे चालण्याचे यश काट्यावर मोजावयास शिकविणे म्हणजे दुहेरी फसवणूक. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. त्यांच्या दृष्टीने मेद किती जळला यापेक्षा जेवणानंतर रक्तात काय साचून राहिले, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे.

आणि येथे मेदज्वलनाचा निकष पूर्णच उलटतो. डिपिएत्रो व सहकाऱ्यांच्या २०१३ च्या छोट्या पण नेटक्या प्रयोगात मधुमेहाचा धोका असलेल्या वृद्ध व्यक्तींनी तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालून पाहिले. रात्रीच्या जेवणानंतरची रक्तशर्करा आटोक्यात ठेवण्यास हे चालणे सकाळच्या वा दुपारच्या सलग पंचेचाळीस मिनिटांच्या चालण्यापेक्षा अधिक उपयुक्त ठरले. ही तर आपली शतपावलीच. परंतु जेवणानंतरच्या चालण्यात स्नायू प्रामुख्याने शर्करा वापरतो. मेदाचा वाटा उपाशीपोटीच्या तुलनेत कमी असतो. 'मेदज्वलन' हेच फलित धरणाऱ्या प्रबंधात शतपावलीला उणे गुण मिळतील.

शारीरिक शिक्षण व गृहविज्ञान विभागांना या दिशेने करण्याजोगे पुष्कळ आहे. सहभागी व्यक्तींनी शेवटचे चालणे कोणत्या वेळी झाले हे वहीत लिहावे. मापन त्यानंतर बारा, छत्तीस आणि साठ तासांनी असे तीनदा करावे. ठरलेले एकच जेवण द्यावे, पोहे वा वरण-भात चालेल, पण वजन करून. जेवणानंतर एक व दोन तासांनी ग्लुकोमीटरने रक्तशर्करा पाहावी आणि स्थानिक प्रयोगशाळेच्या साहाय्याने ट्रायग्लिसराइड तपासून घ्यावे. कमरेचा घेर फितीने घ्यावा. तुलनेसाठीचा गट खरोखर न चालणारा आहे ना, हे पावले मोजून खात्री करून घ्यावे. याकरिता लागणारा खर्च एका लघुसंशोधन प्रकल्पाच्या अनुदानात बसतो, आणि साठ तासांनंतर चालण्याचा परिणाम भारतीय आहारावर कितपत उरतो, या प्रश्नाचे उत्तर अशा अभ्यासातून प्रथमदर्शनी तरी मिळू शकते.